कॉलेज, कारखाना आणि मधला माणूस

आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीत जा. टेबलाच्या खणात प्लॅस्टिकची एक फाइल असते. त्यात दहावी-बारावीच्या मार्कलिस्ट, डोमिसाइल, गॅदरिंगमधलं एखादं प्रशस्तिपत्रक आणि हल्ली हमखास असतं ते इंटर्नशिपचं सर्टिफिकेट. माझ्याही फाइलमध्ये एक होतं. सेकंड इयरच्या सुट्टीत अडीच हजार रुपये भरले, आठ-दहा व्हिडिओ पाहिले, शेवटची प्रश्नमंजुषा आम्ही तिघा रूममेट्सनी मिळून सोडवली आणि 'एक महिन्याचे औद्योगिक प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केले' असा सोनेरी किनारीचा कागद आला. सबमिशनला जोडला, क्रेडिट मिळाले, विषय संपला.

संपला असं मला वाटलं होतं. थर्ड इयरच्या शेवटी एका कंपनीच्या मुलाखतीत समोरच्या मॅडमनी तो कागद हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "या महिन्यात तुझं काय चुकलं होतं?"

मी छातीठोकपणे म्हणालो, "काहीच चुकलं नाही, मॅडम."

"मग काम केलेलं नसणार," त्या शांतपणे म्हणाल्या आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

त्या दिवशी मेसमध्ये जेवण गेलं नाही. राग आधी त्यांचा आला, मग कॉलेजचा, आणि रात्री उशिरा स्वतःचा. पण त्या एका प्रश्नामुळे मी या विषयाच्या मागे लागलो. शिक्षण आणि उद्योग यांची सांगड घालायची म्हणजे नेमकं काय करायचं? ती कुणी, कधी, कशी घातली? आणि आपल्याकडे ती फाइलमध्येच का राहते? गेल्या वर्षभरात जे वाचलं आणि नंतरच्या सहा महिन्यांत जे स्वतः पाहिलं, ते या लेखात मांडतो.

दरी आहे, पण कुणाच्या मोजपट्टीने?

"भारतातले फक्त पंचवीस टक्के इंजिनिअर नोकरीला लायक आहेत" हे वाक्य आपण प्रत्येक गेस्ट लेक्चरमध्ये ऐकतो. हा आकडा २००५ सालच्या मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या अहवालामुळे गाजला. मात्र तो कुठून आला हे सहसा कुणी सांगत नाही. कुणी देशभरातल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन तो काढलेला नव्हता. बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किती पदवीधर योग्य ठरतील, असं मनुष्यबळ विभागातल्या लोकांना विचारून बांधलेला तो अंदाज होता. म्हणजे 'आमच्या कामाला किती जण चालतील' याचं ते उत्तर होतं. 'इंजिनिअर म्हणून किती जण घडले आहेत' हा प्रश्न वेगळा आहे.

याचा अर्थ दरी नाही असा नाही. दरी नसती तर इन्फोसिसने म्हैसूरला हजारो नव्या मुलांना राहायला-शिकायला घालून महिनोन्‌महिने शिकवण्याचा खर्च केला नसता, आणि २००४ मध्ये 'कॅम्पस कनेक्ट' नावाने इंजिनिअरिंग कॉलेजांशी हात मिळवला नसता. कंपनीला पैसे घालून जे पुन्हा शिकवावं लागतं, ते कॉलेजात राहून गेलेलं असतं, हे मान्य करायलाच हवं.

पण म्हणून कंपनी सांगेल ते शिकवायचं का? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात आहे.

गिरणी बंद झाली, संस्था राहिली

आपल्याकडचं इंजिनिअरिंगचं शिक्षण मुळात 'नोकरी देणाऱ्या'च्या गरजेतूनच सुरू झालं. रुरकीचं कॉलेज १८४७ मध्ये उभं राहिलं ते गंगेच्या कालव्याच्या कामाला माणसं हवी होती म्हणून. पुण्यात १८५४ साली 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघालं, म्हणजे आजचं सीओईपी. त्याचाही हेतू साधा होता. रस्ते, पूल, इमारती, कालवे या सरकारी कामांवर हाताखालचे अधिकारी हवे होते. नवं काही शोधून काढणारे इंजिनिअर त्या सरकारला नकोच होते, साहेबाने दिलेलं ड्रॉइंग नीट उतरवणारे पुरेसे होते. गरज होती तेवढंच शिक्षण मिळालं.

दुसरं उदाहरण मुंबईचं. १८८७ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं, तेच आताचं वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, आपलं व्हीजेटीआय. मुंबई तेव्हा गिरण्यांची नगरी होती. गिरणीमालक सर दिनशॉ पेटिट यांची या संस्थेला मोठी मदत झाली आणि सुरुवातीचे विषय होते यंत्रशास्त्र आणि कापडनिर्मिती. शिक्षण आणि उद्योग यांची इतकी घट्ट जोडी शोधून सापडणार नाही.

पुढे काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक भोंगा बंद होत गेला. समजा व्हीजेटीआयने फक्त गिरणीला हवं तेवढंच शिकवलं असतं, तर गिरणीबरोबर तिचंही दार बंद झालं असतं. तसं झालं नाही, कारण तोवर तिथे विजेपासून स्थापत्यापर्यंत आणि पुढे संगणकापर्यंत शाखा वाढल्या होत्या. यंत्रशास्त्र शिकलेला मुलगा गिरणीबाहेरही इंजिनिअरच राहिला.

मला यातून मिळालेला धडा असा : उद्योगाची गरज पाच वर्षांची असते आणि आपली नोकरी पस्तीस-चाळीस वर्षांची. आज अमुक सॉफ्टवेअरला मागणी आहे म्हणून अख्खा अभ्यासक्रम त्याच्यावर बेतला, तर आपण त्या सॉफ्टवेअरइतकेच जगू. म्हणून कंपनीने अभ्यासक्रम लिहून द्यावा आणि कॉलेजने तो उतरवून घ्यावा, याला भागीदारी म्हणता येणार नाही. मग भागीदारी म्हणायचं तरी कशाला?

सिनसिनाटीचा प्रयोग

याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर शंभर वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात सिनसिनाटी हे शहर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मशीन टूल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होतं. तिथल्या विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे सिव्हिलचे प्राध्यापक होते. आधी पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात शिकवताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की शिकताना जी मुलं पोटासाठी कुठेतरी काम करत होती, तीच पुढे चांगली इंजिनिअर झाली. शिवाय इंजिनिअरिंगचे काही गुण असे आहेत की ते वर्गात शिकवताच येत नाहीत, हेही त्यांना पटलं होतं.

श्नायडरांनी योजना मांडली, पण विद्यापीठाची तयारी नव्हती. अखेर एक वर्ष करून पाहा, फसलं तर जबाबदारी आमची नाही, अशा अटीवर परवानगी मिळाली. सप्टेंबर १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांवर 'को-ऑपरेटिव्ह' शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता.

पद्धत फार हुशारीची होती. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतला एक आठवडाभर कारखान्यात, दुसरा वर्गात. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातली जागा कधी रिकामी नाही आणि वर्गातलं बाकही रिकामं नाही. शनिवारी वर्गातला मुलगा शॉपमध्ये जाऊन जोडीदाराकडून समजून घ्यायचा की काम कुठपर्यंत आलंय, म्हणजे सोमवारी त्याला तिथूनच पुढे सुरू करता यावं. कामाचा पगारही मिळायचा.

आपल्याकडे कंपन्या विद्यार्थी घ्यायला का नाखूश असतात, याचं उत्तर या जोडीच्या व्यवस्थेत दडलेलं आहे. महिनाभरासाठी आलेल्या मुलाचे पहिले तीन आठवडे स्टोअर कुठे, टूल क्रिब कुठे, कुणाला काय विचारायचं हे समजण्यातच जातात. चौथ्या आठवड्यात तो जरा उपयोगी पडू लागतो आणि निरोप घेतो. सुपरवायझरचा वेळ गेला, उत्पादनात अडथळा आला, वर कुठे बोट सापडलं तर काय ही धास्ती. हाती काहीच नाही. कोण घेईल असा पाहुणा? श्नायडरांनी आधी कारखान्याचं गणित बसवलं, मगच विद्यार्थी पाठवले.

पण खरी मेख याच्याही पुढे आहे. त्यांनी एक नवं पद निर्माण केलं, को-ऑर्डिनेटर. हा कॉलेजचाच शिक्षक. तो कारखान्यात जाऊन कोण काय काम करतोय ते पाहायचा आणि तेच विद्यार्थी वर्गात आले की त्यांच्या कामातले प्रश्न फळ्यावर घ्यायचा. तू ज्या भट्टीवर होतास तिथे पोलाद असंच का थंड करतात? ज्या लेथवर होतास तिचा वेग कोणी आणि कशावरून ठरवला? शॉपमध्ये दिसलेलं पुस्तकाला जोडायचं, आणि पुस्तकातलं शॉपमध्ये दाखवायचं. हाच तो मधला माणूस. या लेखात मला सांगायचं आहे ते याच माणसाबद्दल.

जर्मनी आणि पिलानी

याच धाग्याची आणखी दोन उदाहरणं थोडक्यात सांगतो.

जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात डाइमलर-बेंझ, बॉश आणि स्टँडर्ड इलेक्ट्रिक लोरेन्झ या कंपन्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एक प्रस्ताव पुढे आणला. त्यातून १९७४ मध्ये स्टुटगार्ट आणि मानहाइमला 'बेरुफ्सअकॅडमी' सुरू झाल्या. २००९ साली त्यांचंच राज्यस्तरीय 'दुहेरी' विद्यापीठ झालं. इथे विद्यार्थी आधी कंपनीशी करार करतो. मग साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, असं आलटून पालटून तीन वर्षं चालतं. पगार तिन्ही वर्षं मिळतो, वर्गात असतानाही. विद्यापीठाच्या कारभारात कंपन्यांचे प्रतिनिधी बसतात, पण पदवी विद्यापीठच देतं. कंपनीने स्वतःच्या खिशातले पैसे घातलेले असल्यामुळे मुलाला तीन महिने झेरॉक्स काढायला बसवणं तिला परवडत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. अमेरिकेच्या एमआयटीमध्ये केमिकल इंजिनिअरिंगची 'प्रॅक्टिस स्कूल' १९१६ पासून होती. तिथे विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकही कारखान्याच्या ठिकाणी असायचे. पिलानीच्या बिट्सने साठच्या दशकात एमआयटीची मदत घेतली होती. पुढे डॉ. सी. आर. मित्रा संचालक असताना १९७३ मध्ये बिट्सने स्वतःची 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू केली. सेकंड इयरनंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने, आणि शेवटच्या वर्षात साडेपाच महिने. महत्त्वाची गोष्ट अशी की तिथेही संस्थेचा शिक्षक या कामाला जोडलेला असतो. डायरी, सेमिनार, गटचर्चा, रिपोर्ट असं सगळं मूल्यमापन काम चालू असतानाच होतं. शेवटच्या दिवशी सही-शिक्का घेऊन काम भागत नाही.

सिनसिनाटी, स्टुटगार्ट, पिलानी. तीन देश. पण तिन्हीकडे तीन प्रश्नांची उत्तरं आधी ठरवलेली दिसतात : पैसे आणि वेळ कोण घालणार? काय शिकायचं हे कोण ठरवणार? आणि शिकतोय की नाही हे रोजच्या रोज कोण बघणार? आपल्या ऑफिसच्या भिंतीवर काचेत लावलेल्या सामंजस्य करारांमध्ये या तीन प्रश्नांची उत्तरं शोधून पाहा. तारीख सापडेल, सह्या सापडतील, फोटो तर असतोच.

कायदा आहे, नियमही आहेत

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र समजू नका. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवी आणि पदविकाधारक इंजिनिअर आले. पास झाल्यावर एक वर्षाची अप्रेंटिसशिप करता येते. आपल्या भागासाठी त्याचं काम मुंबईचं पश्चिम विभागाचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहतं. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा ही राज्यं त्याच्याकडे आहेत. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये केलं, आणि तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक केलं. राष्ट्रीय योजनेत या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. अप्रेंटिस म्हणजे नोंदणीकृत करार, ठरलेलं विद्यावेतन, कायद्याचं संरक्षण. इंटर्नशिपला यातलं काही असेलच असं नाही. म्हणून तर तिचा बाजार मांडता येतो.

शिकत असतानाच्या इंटर्नशिपबद्दल एआयसीटीईने २०१८ मध्ये नमुना अभ्यासक्रम आणला. पदवीचे क्रेडिट १६० पर्यंत खाली आणले आणि इंटर्नशिपला जागा केली. नंतरच्या इंटर्नशिप धोरणात पदवीसाठी १४ ते २० क्रेडिट, म्हणजे सहाशे ते सातशे तास सांगितले आहेत. हेतू उत्तम आहे. पण नियम तास मोजतो, आणि तास कागदावर भरता येतात. हजारो मुलांना एकाच सुट्टीत जागा हव्या, कंपन्यांकडे तेवढ्या जागा नाहीत, मग मधल्या मोकळ्या जागेत सर्टिफिकेटची दुकानं उभी राहतात. मागणी तसा पुरवठा! मी त्याच दुकानाचं गिऱ्हाईक होतो.

चाळीस एच सात

मुलाखतीतल्या त्या प्रश्नानंतर मी ठरवलं, की शेवटचं सेमिस्टर खऱ्या कामात घालवायचं. मोठ्या कंपनीत जागा मिळाली नाही. एमआयडीसीतल्या एका लहान मशीन शॉपमध्ये मिळाली. पत्र्याची शेड, चाळीसेक माणसं, सहा सीएनसी. पहिला महिना माझ्याकडे फक्त मोजायचं काम. इन्स्पेक्शनचे काका हातात प्लग गेज देत आणि म्हणत, "अरे इंजिनिअर, आधी हात बसू दे. डोकं नंतर चालव."

एक जॉब सारखा परत यायचा. पोलादी बुश, आतला बोअर ४० एच ७. म्हणजे ४०.००० च्या खाली चालत नाही आणि ४०.०२५ च्या वर चालत नाही. पंचवीस मायक्रॉनची मुभा. सकाळचा माल ठीक, पण दुपारच्या मालात अधूनमधून बोअर लहान. 'गो' गेज आत जायचं नाही. ऑपरेटर म्हणायचा, मी मशीनवर मोजलं तेव्हा बरोबर होतं. काका म्हणायचे, माझ्याकडे आलं तेव्हा नव्हतं. दोघांत रोज खडाजंगी. दोघंही खोटं बोलत नव्हते हे मला कळायचं, पण कारण सापडत नव्हतं. मी रोज वहीत वेळ आणि माप लिहीत होतो, एवढंच.

आमचे गाइड सर दर पंधरा दिवसांनी मोटरसायकलवर यायचे. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझी वही चाळली आणि विचारलं, "मेट्रॉलॉजीच्या ओरलला मी तुला पहिला प्रश्न काय विचारला होता?"

मला आठवलं. मापनाचं प्रमाण तापमान किती? मी फाडकन उत्तर दिलं होतं, वीस अंश सेल्सिअस. पैकीच्या पैकी मार्क.

"मग जॉबचं तापमान लिहिलंयस का कुठे?" सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थर्मामीटर घेऊन बसलो. दुपारी शेड तापलेली, कूलंट कोमट, मशीनवरून निघालेला जॉब एसीतल्या इन्स्पेक्शनच्या खोलीपेक्षा वीसेक अंशांनी गरम. पोलाद दर अंशाला, दर मीटरला साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. ४० मिलिमीटर गुणिले वीस अंश. उत्तर आलं नऊ मायक्रॉन. गरम असताना बोअरही मोठा दिसतो. मशीनवर ४०.००६ दिसणारा जॉब काकांच्या टेबलावर थंड होऊन ३९.९९७ होत होता. पंचवीसच्या मुभेतले नऊ मायक्रॉन उष्णता खात होती.

काकांना हे सांगितलं तर ते हसले. "गरम जॉब मोजू नये हे मला माझ्या उस्तादाने सांगितलं होतं. पण ऑपरेटरला थांब म्हटलं की तो विचारतो किती वेळ, आणि किती फरक पडतो? ते मला सांगता येत नव्हतं." मग आम्ही दोघांनी मिळून एक तक्ता केला. तापमानात किती फरक असेल तर मशीनवर किती मायक्रॉन जास्त ठेवायचे. तो मशीनजवळ चिकटवला. सगळं रिजेक्शन गेलं असं नाही, इन्सर्ट झिजल्यामुळे बिघडणारे जॉब होतेच. पण दुपारचं भांडण थांबलं.

आता याचा हिशेब मांडा. शॉपकडे अनुभव होता, आकडा नव्हता. माझ्याकडे सूत्र होतं, पण ते कुठे लावायचं याची अक्कल नव्हती. सर आले नसते तर मी सहा महिने मापं लिहीत बसलो असतो आणि 'यशस्वीरीत्या पूर्ण' असा आणखी एक कागद घेऊन आलो असतो. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सरांनी परत येऊन आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये एक प्रयोग वाढवला. एकच जॉब गरम करून आणि थंड करून मोजायचा. थर्ड इयरची पोरं तो करतात. माझ्या दृष्टीने अभ्यासक्रमाची उद्योगाशी सांगड म्हणजे हीच. एक प्रश्न शॉपमधून निघाला आणि लॅबमध्ये पोहोचला.

आपल्याला काय करता येईल?

अमेरिका-जर्मनीच्या गोष्टी ऐकून 'आपल्याकडे हे शक्य नाही' म्हणणं सोपं असतं. म्हणून आपल्या कॅम्पसवर जमतील अशाच चार गोष्टी सुचवतो.

पहिली, वही. इंटर्नशिपला जाल तिथे रोज एक पान लिहा. आज काय पाहिलं, काय समजलं नाही आणि काय चुकलं. 'काय चुकलं' हा रकाना रिकामा राहिला तर समजा, तुम्ही काम करत नाही, फक्त बसून आहात.

दुसरी, जोडी. दोघांनी मिळून एकच जागा मागा. सेमिस्टरमध्ये आलटून पालटून जाता आलं तर कंपनीला खंड पडत नाही. वेळापत्रक तसं बसवणं विभागाच्या हातात आहे. अवघड आहे, पण १९०६ साली जमलं होतं.

तिसरी, मधला माणूस. स्टाफला नम्र विनंती आहे. सर, मॅडम, गाइडचं काम रिपोर्टवर सही करण्यापुरतं ठेवू नका. पंधरा दिवसांतून एकदा शॉपवर या. आणि कॉलेजनेही त्या खेपेला लेक्चरइतकंच काम धरावं. वीस तासांच्या वर्कलोडवर ही पदरमोड कुणी किती दिवस करणार? आमचे सर पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालत होते, हे मला शेवटच्या महिन्यात कळलं.

चौथी गोष्ट ऐकून हसाल. मेस आणि गेट. एमआयडीसीत पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते आणि आपला नाश्ता आठला. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते आणि हॉस्टेलचं गेट दहाला बंद. मी सहा महिने बिस्किटाच्या पुड्यावर पहिली पाळी काढली. उद्योगाशी भागीदारीचे करार खुशाल होऊ द्यात, पण रेक्टर सरांनी एक पास आणि मेसच्या मावशींनी सकाळी सहाला पोह्यांचा एक डबा दिला, तर करारात खरा जीव येईल. मुलींच्या हॉस्टेलला तर हा प्रश्न आणखी बिकट आहे. दुसऱ्या पाळीच्या जागा गेटच्या वेळेमुळे सोडून द्याव्या लागलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत. गाडीची सोय झाली तर त्या जागा हातच्या जाणार नाहीत.

आणि ज्युनिअर मित्रांनो, तुमच्यासाठी एक पाचवी. पैसे भरून मिळणारं सर्टिफिकेट घेऊ नका. पी हळद आणि हो गोरी असं कुठल्याच विद्येत होत नाही. जागा मिळत नसेल तर गावाकडच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसा, साखर कारखान्यात ओळख काढा, ग्रामपंचायतीच्या पाणीयोजनेच्या पंपहाऊसमध्ये महिनाभर नोंदी ठेवा. सोनेरी किनारीचा कागद मिळणार नाही, पण सांगण्यासारखी एक तरी चूक नक्की मिळेल.

माझ्या फाइलमधून मी ते जुनं सर्टिफिकेट काढून टाकलं आहे. त्या जागी आता कूलंटचे डाग पडलेली एक दोनशे पानी वही आहे. मागच्या महिन्यात आणखी एका मुलाखतीला गेलो. "तुमचं काय चुकलं होतं?" असं या वेळी कुणी विचारलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "सर, एक चूक सांगू का?" आणि वही उघडली.

निकाल अजून लागायचा आहे. लागेल तेव्हा लागेल. पण त्या दिवशी मेसमध्ये दोन पोळ्या जास्त गेल्या, हे मात्र खरं!